रूथबाई, हनानताई आणि ईडेलचा डोंगर

मे महिन्यातल्या पहिल्या बँक हॉलिडेला, म्हणजे सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीला, इंग्लंडमधली शहाणी माणसं समुद्रावर जातात. मी आणि माझी मैत्रीण ईशा डार्बीशरच्या डोंगरात इस्राएल-पॅलेस्टाईनवर बोलायला गेलो. ऑफिसमध्ये सांगितलं तेव्हा शेजारच्या टेबलावरची कलीग म्हणाली, "तीन दिवस? स्वतःहून?"

हो, स्वतःहून. आणि गेल्या कित्येक महिन्यांत मी इतकी हसले नव्हते, हेही सांगून टाकते.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: मी प्रज्ञा. खामगावची, आता वॉटफर्डला राहते. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांनी मला लहानपणापासून एकच सांगितलं, शिकलेल्या माणसाला जगातल्या अन्यायाबद्दल गप्प बसायचा हक्क नाही. त्यामुळे गाझाच्या बातम्या यायला लागल्यापासून मी लंडनच्या मोर्चांना जात होते, घोषणा देत होते, घसा बसवून परत येत होते. एका रविवारी ट्रेनमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की ज्यांच्याबद्दल मी एवढी ओरडते त्यांतल्या एकाही माणसाबरोबर मी कधी जेवलेले नाही. ना पॅलेस्टिनी, ना इस्राएली.

हे मी ईशाला बोलून दाखवलं. ईशा लंडनच्या ईलिंगमध्ये जन्मलेली, मराठी जरा अडखळतच बोलते, साउथहॅम्प्टनच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली, "मग चल ना माझ्याबरोबर. आमची फार्मसीमध्ये हनान आहे, तिचा एक ग्रुप आहे."

तो ग्रुप असा. मँचेस्टरच्या निवृत्त जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, रूथ आणि साउथहॅम्प्टनच्या फार्मासिस्ट हनान, एक ज्यू, एक पॅलेस्टिनी. दोघींनी मिळून बरीच वर्षं दर मे महिन्यात ईडेल या गावी तीन दिवसांचा मुक्काम ठेवला. थोडे ज्यू, थोडे पॅलेस्टिनी, थोडे आमच्यासारखे 'इतर'. एकत्र स्वयंपाक, एकत्र चालणं, एकत्र भांडण. इस्राएलवर ऑक्टोबरचा तो हल्ला झाला, मग युद्ध पेटलं आणि मुक्काम बंद पडला. यंदा तो पुन्हा ठरला होता. पण हनान ईशाला म्हणाली होती, "मी या वेळी निरोप घ्यायला चालले आहे. रूथला तोंडावर सांगायचंय, एवढंच." दोघींतली एक गेली तर ग्रुप संपणार, हे सगळ्यांना माहीत होतं. एका बाजूच्या माणसांनी एकत्र फिरायला जाण्याला सहल म्हणतात.

सत्तरीच्या बाईंना नुसत्या नावानं हाक मारायला माझी जीभ वळत नाही. तिथं सगळे नावानंच हाक मारत होते, मीही अडखळत मारली. पण हा ब्लॉग माझा आहे, म्हणून इथं त्या रूथबाई आणि हनानताई.

शुक्रवार

कसं जायचं ते आधी सांगते. वॉटफर्ड जंक्शनहून युस्टन, तिथून दहा मिनिटं चालत सेंट पँक्रस, मग शेफिल्डची गाडी, दोन तासांची. शेफिल्डला दोन डब्यांची छोटी गाडी मिळते, ती अर्ध्या तासात ईडेलला सोडते. महिनाभर आधी तिकीट काढलं आणि सवलतीचं रेलकार्ड असेल तर येऊन-जाऊन पन्नास पाउंडांच्या आत पडतं. बँक हॉलिडेला छोट्या गाडीत उभं राहायची तयारी ठेवा. आम्ही एका सायकलीच्या आणि दोन ओल्या कुत्र्यांच्या मध्ये उभ्या होतो. एक लांबलचक बोगदा संपतो आणि एकदम हिरवं खोरं उघडतं. दगडी कुंपणं, मेंढ्या, आणि मेंढ्यांची इतकी लहान पिल्लं की ईशा प्रत्येक पिल्लाला "ओ माय गॉड, किती गोड आहे तो" म्हणत होती. तिच्या मराठीतला प्रत्येक प्राणी 'तो' असतो. ईडेलच्या आधीच्या स्टेशनाचं नाव होप. ईशानं पाटीचा फोटो काढून आईला पाठवला.

ईडेल म्हणजे एक रस्ता, एक चर्च, दोन पब आणि मागे किंडर स्काउटचा लांबच लांब डोंगर. मोबाइलला रेंज जवळपास नाही. मुक्काम गावाच्या टोकाला एका जुन्या दगडी हॉस्टेलमध्ये, पूर्ण घर ग्रुपनं घेतलेलं. आम्ही चौदाजण होतो. बंक बेड, सामायिक बाथरूम, ज्याला जमेल तेवढी वर्गणी. टॉवेल आपला आपण न्यायचा. मी विसरले, तुम्ही विसरू नका.

दार रूथबाईंनी उघडलं. बुटक्या, काटक, चष्मा साखळीला बांधलेला. "तुम्ही दोघी भारतीय ना? छान. तुम्ही स्वयंपाकघरात."

ईशा माझ्या कानात कुजबुजली, "हे रेसिस्ट आहे का?"

रूथबाईंना ऐकू गेलं. "नाही ग बाई. स्वयंपाकघर नेहमी तिसऱ्या बाजूकडे असतं. नाहीतर चण्याचा हमस मुळात कुणाचा, यावरून आम्ही भांडतो, आणि ते भांडण कधीच मिटत नाही."

जेवण पूर्ण शाकाहारी होतं, म्हणजे मुसलमानांच्या हलालचा आणि ज्यूंच्या कोशरचा प्रश्न अर्धा सुटला. उरलेला अर्धा रूथबाईंनी स्वतःची भांडी आणून सोडवला होता. मी त्यांच्याच तव्यावर शेंगदाणे भाजून लसणाची चटणी कुटली. तेवढ्यात हनानताई आल्या. उंच, पन्नाशीच्या, केस आखूड, हातात ऑलिव्ह तेलाचा मोठा डबा. पॅलेस्टाईनमधल्या नाब्लूसजवळच्या त्यांच्या भावाच्या झाडांचं तेल. डबा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हॅलो, रूथ."

"हॅलो, हनान."

बस्स, एवढंच. ईशा आणि मी कांद्याकडे बघत राहिलो.

रूथबाई शनिवार पाळतात. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, विजेचं बटण लावायचं नाही, बंद करायचं नाही. म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधीच विजेची शेगडी लावून तिच्यावर दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं मोठं पातेलं ठेवतात. राजमा, बार्ली, बटाटे, गाजर. मंद आचेवर रात्रभर. शेजारी चहाच्या पाण्याचा बॉयलर, तोही चालूच. रूथबाईंनी हे सगळं मला नीट समजावलं. मी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली: शेगडीला हात लावायचा नाही.

मग मेणबत्त्या लागल्या, वेणीसारखा विणलेला पाव आला, रूथबाईंनी प्रार्थना म्हटली. पाव हनानताईंच्या तेलात बुडवून खाल्ला आणि वर माझी चटणी. ओरेन नावाचा एक मुलगा होता, हैफाचा, मँचेस्टरला पीएच.डी. करतो, देव-धर्म काही मानत नाही. त्यानं चटणीचा मोठा घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

हनानताई शांतपणे म्हणाल्या, "इथं येऊन इतक्या लवकर रडलेला पहिला इस्राएली."

सगळे हसले. रूथबाईही. पण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

शनिवार

सकाळी सगळ्यांचा चहा झाला. नकाशाचं सत्र दहाला होतं. ईशा आणि मी कप विसळले, ओटा पुसला, आणि बाहेर पडताना मी मागे वळून एक नजर टाकली. भिंतीवरच्या सॉकेटवर दोन लाल ठिपके दिसत होते.

आता जे झालं ते आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. खोलीतून निघताना बटण बंद करायचं, हे आईनं माझ्या हातात भरलंय, डोक्यात नाही. त्यात वॉटफर्डच्या आमच्या भाड्याच्या घरात विजेचं मीटर आधी पैसे भरून चालतं. लाल ठिपका दिसला की हात जातो. टक, टक. दोन्ही बंद. मी दार ओढून घेतलं आणि नकाशाच्या खोलीत जाऊन बसले.

या ग्रुपचा नकाशा कापडाचा आहे, दोन चादरींएवढा. नदी आहे, समुद्र आहे, डोंगर आहेत, गावांची नावं तीन लिप्यांत आहेत. सीमा मात्र एकही नाही. प्रत्येकानं एक अक्रोड घ्यायचा, आपल्या माणसांच्या गोष्टीतल्या गावावर ठेवायचा आणि बोलायचं. बोलताना मध्ये कुणी तोंड घालायचं नाही.

हनानताईंनी हैफाच्या जवळ एका ठिकाणी अक्रोड ठेवला. तिथं त्यांच्या आजीचं गाव होतं. अठ्ठेचाळीस साली इस्राएल झालं तेव्हा गावातले लोक निघाले, ते परत येऊ शकले नाहीत. आता तिथं पाइनचं जंगल आहे. रूथबाईंनी आपला अक्रोड त्याच्या शेजारी ठेवला. त्या लहान असताना मँचेस्टरच्या घरी एक डबा असे, त्यात खाऊचे पैसे टाकायचे. त्या पैशांतून तिकडे झाडं लावली जायची. "कदाचित हीच," त्या म्हणाल्या. त्यांच्या आईची सगळी माणसं पोलंडमध्ये मारली गेली. एक मावशी बोटीनं हैफाला पोचली म्हणून वाचली, कारण तेव्हा दुसरा कुठलाही देश दार उघडत नव्हता. "मला तिथं ज्यूंचं सुरक्षित घर हवं आहे. तुझ्या आजीच्या अंगणात ते उभं आहे, हेही मला माहीत आहे." ही गोष्ट त्या दोघी एकमेकींना वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. त्यावरूनच त्यांची मैत्री झाली होती.

मग माझी पाळी आली. माझं त्या नकाशावर काहीच नव्हतं. मी गप्प बसायला हवं होतं. पण मी उठून महाडच्या तळ्याबद्दल बोलले. पाण्यावर सगळ्यांचा हक्क असतो, तो मागावा लागतो, शांतपणे आणि एकजुटीनं मागितला तर मिळतो, असं दहा मिनिटं. बोलता बोलता माझाच आवाज भरून आला.

हनानताई म्हणाल्या, "छान बोललीस, बाळ. पण तुमच्या तळ्यावर कोण अन्याय करतंय ते स्पष्ट होतं. आमच्या नकाशावर दोन्हीकडच्या आज्या घर सोडून आलेल्या आहेत. आणि आज एकाकडे सैन्य आहे, दुसऱ्याकडे नाही. आम्हाला तुझा धडा करू नकोस."

माझे कान गरम झाले. पण त्या बरोबर होत्या.

पुढची पाळी पुन्हा रूथबाईंची होती. त्यांनी दुसरा अक्रोड गाझाच्या सीमेजवळच्या एका किबुत्झवर, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीवर, ठेवला. त्यांचा भाचा तिथं मारला गेला, त्या ऑक्टोबरच्या सकाळी. त्या म्हणाल्या, "आणि त्यानंतर दोन्ही बाजूंनी—"

"दोन्ही बाजूंनी म्हणू नकोस," हनानताई म्हणाल्या. नियम मोडून. "माझ्या नणंदेचं घर गाझात होतं. होतं. तू 'दोन्ही बाजूंनी' म्हणतेस तेव्हा मला वाटतं तू हिशेब बरोबरीत सोडवते आहेस."

"मी हिशेब करत नाही. माझा भाचा गेला आणि तू मला एक फोन केला नाहीस, हनान."

"तू केलास?"

हनानताई उठल्या. "मी दुपारच्या गाडीनं निघते," म्हणाल्या आणि वर बॅग भरायला गेल्या. त्यांना जे तोंडावर सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

ईशा, ओरेन आणि मी स्वयंपाकघरात आलो. मी पातेल्याचं झाकण उघडलं. वाफ नाही. बोट लावलं, कोमट. बॉयलर गार. मी सॉकेटकडे पाहिलं, तर लाल ठिपका एकही नव्हता.

"ईशा, मी बंद केलं."

"प्रज्ञा! तू वहीत रेघ मारली होतीस!"

"हातानं वही वाचली नव्हती ना!"

मी बटण लावायला धावले, तर ओरेननं अडवलं. "थांब. तू रूथसाठी लावलंस तर ती खाणार नाही. तिच्यासाठी दुसऱ्या कुणी मुद्दाम केलेलं चालत नाही. ती तुला 'लाव' असंही म्हणणार नाही."

"मग कसं चालतं?"

"कुणी स्वतःसाठी लावलं तर कदाचित चालेल. यावर चार रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, बसवले तर सहा मतं निघतील."

मी म्हटलं, "मग मी माझ्यासाठी लावते. मलाही भूक लागली आहे."

"तू आत्ताच माझ्यासमोर रूथसाठी लावायला धावलीस," ओरेन म्हणाला. देव न मानणारा माणूस इतका काटेकोर असेल असं मला वाटलं नव्हतं. तेवढ्यात रूथबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना सगळं कळलं. "काही नाही, गार खाऊ," म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. आवाज थकलेला होता. गार राजम्यानं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. हनानताई कोट घालून, बॅग घेऊन खाली आल्या. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, सॉकेटकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कुणी केलं हे?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

हनानताईंनी बॅग जिन्याखाली ठेवली. "मला साउथहॅम्प्टनपर्यंत जायचंय. तीन गाड्या बदलायच्या आहेत. मी काही गार जेवून निघणार नाही." त्यांनी बटण लावलं, शेगडीचा काटा शेवटपर्यंत फिरवला आणि रूथबाईंच्या समोरची खुर्ची ओढून बसल्या. "मी माझ्यासाठी लावलंय. तुझ्यासाठी नाही."

"मला माहीत आहे," रूथबाई म्हणाल्या.

"सगळ्यांनी ऐकलं ना?"

"ऐकलं," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

एवढं मोठं पातेलं तापायला पाऊण तास लागतो. दुपारची गाडी चुकणार, हे सगळ्यांना दिसत होतं, पण कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. ओरेन बाहेर गेला. आम्हीही उठणार होतो, तर हनानताई म्हणाल्या, "बसा. काकड्या चिरा." म्हणून आम्ही काकड्या चिरल्या. खूप बारीक चिरल्या.

तिसरी काकडी चिरून झाली तेव्हा हनानताई बोलल्या. "त्याच दिवशी मला कळलं होतं तुझ्या भाच्याचं. मी तीनदा फोन हातात घेतला. काय बोलायचं ते सुचेना. मग गाझावर बॉम्ब पडायला लागले, आणि मग मी तुझ्या फोनची वाट बघायला लागले."

"मी सात दिवस घरात बसून होते, सुतकात," रूथबाई म्हणाल्या. "दार वाजलं की वाटायचं तू आलीस. मग तुझ्या नणंदेचं कळलं. मी पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं."

"का?"

"प्रत्येक वाक्यात 'पण' येत होतं."

हनानताईंनी काकडीची एक फोड उचलली. मग म्हणाल्या, "'पण'सकट पाठवायचं होतंस."

पातेल्याखाली बारीक आवाज यायला लागला. रूथबाईंनी डोळे पुसले आणि त्या म्हणाल्या, "ढवळायला हवं. मला चालणार नाही."

"मी माझ्यासाठी ढवळते," हनानताई म्हणाल्या. ईशाला हसू आवरेना, मग मला, मग त्या दोघींनाही. तो राजमा जरा तळाला लागला होता. मी दोनदा घेतला. रूथबाईंनीही खाल्ला. चार रब्बींचं काय मत पडेल, ते त्या बघून घेतील.

हनानताई त्या दिवशी गेल्या नाहीत. पण बॅगही वर नेली नाही. ती जिन्याखालीच राहिली आणि येता-जाता सगळे तिच्याकडे बघत राहिले.

रविवार

चालणाऱ्यांसाठी: ईडेलहून अपर बूथ नावाच्या वस्तीपर्यंत शेतातून सपाट वाट आहे, मग ओढ्यावर एक लहानसा दगडी पूल आणि तिथून खडी दगडी पायऱ्यांची चढण. तिला जेकब्ज लॅडर म्हणतात, याकूबची शिडी; धर्मग्रंथातल्या याकूबला स्वप्नात स्वर्गाला टेकलेली शिडी दिसली होती. वर किंडरचं पठार, काळे वाऱ्यानं झिजलेले दगड आणि बूट गिळणारी पीटची दलदली माती. जाऊन-येऊन पाच तास धरा. मे महिन्यातही वर टोपी लागते. मी फॅशनचे बूट घालून गेले होते. नका जाऊ.

पायऱ्या लागल्या तशी हनानताई म्हणाल्या, "याकूब आमचाही आहे, बरं का. शिडी तुमची एकट्यांची नाही."

"वर जाताना तुमची, उतरताना आमची," रूथबाई म्हणाल्या.

"बघ! चांगली बाजू पुन्हा तुम्हालाच!"

या डोंगरावर साधारण नव्वद वर्षांपूर्वी सामान्य माणसाला पाय ठेवायची बंदी होती. जमीन उमरावांच्या शिकारीसाठी राखलेली. मँचेस्टरचे गिरणी-कारखान्यांतले कामगार एका रविवारी शेकड्यांनी चालत वर गेले. काहीजण त्यासाठी तुरुंगात गेले, त्यांतले बरेच ज्यू घरांतले तरुण होते. आज मी खामगावची मुलगी तिथं सँडविच खात बसले, ते त्यांच्यामुळे. मला यावर भाषण करायची फार इच्छा झाली. ईशानं माझ्या तोंडात सफरचंद दिलं.

वर दगडांच्या आडोशाला बसल्यावर मी शेवटी तो प्रश्न विचारलाच, ज्यासाठी मी आले होते. एक देश की दोन देश? शांतता होईल का?

रूथबाई म्हणाल्या, "मी आयुष्यभर पेशंट तपासले. 'बरी होईन का' असं विचारलं की मी विचारायची, झोप लागते का? जेवण जातं का? तिथून सुरू करायचं."

"आणि मग औषध मी द्यायचं," हनानताई म्हणाल्या. मग गंभीर झाल्या. "माझ्या भावाची झाडं टेकडीपलीकडे आहेत. मध्ये इस्राएली वसाहत झाली. हंगामात त्याला स्वतःच्या झाडांकडे जायला परवानगी लागते, आणि ती असली तरी दगड खावे लागतात. त्याला सुखरूप जाऊन ऑलिव्ह काढून येऊ दे. याला शांतता म्हणत नाहीत. पण ज्या शांततेत हे नाही ती मला दाखवूही नकोस. आणि मला एकदा आजीच्या गावी जायचंय, कुणाच्या परवानगीशिवाय. कुणाला हाकलायला नाही. झाडाखाली बसून कॉफी प्यायला."

"आणि तिकडे माझ्या भाचीला बसमध्ये चढताना शेजारच्या माणसाच्या पिशवीकडे बघावं लागू नये," रूथबाई म्हणाल्या.

ओरेनला वाटतं दोन देश, मोकळी सीमा, जेरुसलेम दोघांचं. हनानताईंना वाटतं एकच देश, सगळ्यांना सारखं मत. रूथबाई म्हणाल्या, एका देशात ज्यू पुन्हा अल्पसंख्य झाले तर काय, याचं उत्तर त्यांना कुणीही दिलेलं नाही. हनानताई म्हणाल्या, आज तिथं पॅलेस्टिनी कसे राहतात त्याचं उत्तरही त्यांना कुणी दिलेलं नाही. वारा इतका होता की दोघी ओरडून बोलत होत्या. खालून येणाऱ्या एका जोडप्यानं वाट बदलली.

पुढे काय झालं ते मी जवळून ऐकलं, कारण उतरताना मी दोघींच्या मागेच घसरत होते. हनानताई म्हणाल्या, पुन्हा मुक्काम भरवायचा तर आमंत्रणाच्या पहिल्याच परिच्छेदात इस्राएलचा 'ताबा' हा शब्द हवा. गोलमोल भाषा नको. रूथबाई म्हणाल्या, मग त्याच परिच्छेदात त्या ऑक्टोबरला मेलेल्यांचा आणि ओलिसांचाही उल्लेख हवा, आणि तो 'पण' न लावता. हनानताई म्हणाल्या, आणि गाझाचा. रूथबाई म्हणाल्या, अर्थात गाझाचा. हनानताई म्हणाल्या, 'अर्थात' म्हणतेस तर आधी का लिहिलं नाहीस? अशा त्या पूल येईपर्यंत भांडल्या. पुलावर रूथबाईंचा गुडघा दुखायला लागला, तेव्हा हनानताईंनी न विचारता त्यांचा दंड धरला आणि वाक्य मात्र पूर्ण केलं.

संध्याकाळी पबमध्ये आलो. लोकांनी गरम बटाट्याचे चिप्स घेतले. दहा-बारा पाउंडांत भरपेट जेवण मिळतं, शाकाहारी पाय, म्हणजे भाज्या भरलेली पेस्ट्री, चांगला आहे. हॉस्टेलवर परतलो तर बॅग जिन्याखाली नव्हती. ईशा आधी वर धावली. वरून तिनं जिन्यावरून वाकून सांगितलं, "प्रज्ञा, ते बॅग उघडलंय! नाइटी बाहेर आहे!"

सोमवार, आणि घरी

सोमवारी स्टेशनवर दोघींचं वेगळंच चालू होतं. हनानताई म्हणत होत्या, पुढच्या वर्षी डोंगर नको, तुझा गुडघा बघ, माझ्याकडे साउथहॅम्प्टनला सगळे या, समुद्र आहे. रूथबाई म्हणत होत्या, समुद्र नको, क्रूझची माणसं असतात. गाडी आली तरी ठरलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाआधी बाबांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग? मिटलं का?"

"नाही बाबा. काहीच मिटलं नाही."

"तू काय केलंस मग तिथं?"

"शेगडी बंद केली."

ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "आणि त्या बाईनं पत्र फाडायला नको होतं."

मी गेले तेव्हा माझ्याकडे एक वही भरून मतं होती. परत आले तेव्हा मतं फारशी बदलली नव्हती. ताबा संपला पाहिजे, सामान्य माणसांना मारणं कुठल्याही कारणानं बरोबर नाही, हे मी अजूनही मोर्चात ओरडून सांगेन. पण आधी मला वाटायचं, योग्य उत्तर कुणीतरी पुरेशा मोठ्यानं सांगितलं की भागेल. आता कळतं, की त्या जमिनीवरून दोघांपैकी कुणीही उठून जाणार नाही. शांतता कधी झाली तर ती एकमेकांना आवडणाऱ्या माणसांत होणार नाही. भांडता भांडता टेबलाशी बसून राहणाऱ्यांत होईल. ती लवकर होईल असं तिथं एकालाही वाटत नव्हतं. तरी सगळे आले होते.

गेल्या आठवड्यात ग्रुपच्या मेलवर पुढच्या वर्षीच्या आमंत्रणाचा कच्चा मसुदा आला. दोघींनी एकमेकींच्या वाक्यांवर शेरे मारलेत. हनानताईंचे हिरव्या रंगात, रूथबाईंचे जांभळ्या. पहिल्या परिच्छेदात आठ ओळी आहेत आणि समासात शेरे तीन पानांचे. त्यावरचा वाद अजून चालू आहे, आणि मला वाटतं पुढच्या मेपर्यंत चालेल.

तारीख मात्र दोघींनी मिळून पक्की केली आहे. मी सुट्टीचा अर्ज टाकला.